युरोपात डिझाइनची नोंदणी: आधी तारीख, मग चित्र, फी शेवटी

युरोपियन युनियनमध्ये एका डिझाइनच्या नोंदणीची फी ३५० युरो आहे, आणि कागद चोख असले तर जलद मार्गाने दोन कामकाजी दिवसांत नोंदणी होऊ शकते. आपल्याकडचा सरकारी वेग माहीत असलेल्याला हे खरे वाटत नाही. पण काम इतके झटपट का होते, तेही समजून घ्या. डिझाइन खरोखर नवे आहे का, हे तिथले कार्यालय तपासतच नाही. वस्तूचे बाह्यरूप आहे ना, सभ्यतेला धरून आहे ना, चित्रे नीट आहेत ना, एवढे पाहून नोंद करते. नवेपणाचा निवाडा पुढे केव्हातरी होतो, म्हणजे तुम्ही कोणाला तरी नक्कल थांबवायला सांगता आणि तो उलटून तुमचीच नोंदणी रद्द करा म्हणून अर्ज करतो तेव्हा. त्या दिवशी टेबलावर दोनच गोष्टी असतात: तुमच्या अर्जाची तारीख आणि अर्जासोबत दिलेली चित्रे. म्हणून फॉर्म कसा भरायचा याला इथे थोडीच जागा दिली आहे, या दोन गोष्टींना जास्त.

महाराष्ट्रात बसून युरोपला फर्निचर, दिवे, चपला, भांडी, शोभेच्या वस्तू पाठवणाऱ्या लहान-मध्यम उद्योजकाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

काय राखता येते, काय नाही

डिझाइन म्हणजे वस्तूचे दिसणे: रेषा, आकार, पोत, रंग, नक्षी. वस्तू काम कशी करते हा पेटंटचा प्रांत. तुमच्या घडीच्या खुर्चीची बिजागरी नव्या तऱ्हेने दुमडत असेल, तर ती युक्ती डिझाइनच्या नोंदणीने राखली जात नाही. खुर्चीचे रूप राखले जाते. जे रूप केवळ तांत्रिक गरजेपोटीच तसे झाले आहे, त्यालाही संरक्षण नाही. ‘दुसऱ्या आकारानेही हेच काम झाले असते, म्हणजे आमचा आकार सौंदर्यासाठी आहे’ हा युक्तिवाद पूर्वी लोक सर्रास करायचे. डोसेराम नावाच्या कंपनीच्या, वेल्डिंगमध्ये वापरायच्या सिरॅमिक पिनांच्या खटल्यात २०१८ साली युरोपियन न्यायालयाने सांगितले की एवढे पुरेसे नाही. आकार ठरवताना दिसण्याचा विचार मुळात झाला होता का, हे बघितले जाईल. त्यामुळे डिझायनरची कच्ची रेखाटने, नाकारलेले नमुने, ‘पाय थोडे बारीक कर, जड दिसतात’ अशा सूचना असलेले ईमेल फेकू नका. रूपाचा विचार झाला होता, हे दाखवायला तेच कागद लागतात.

संरक्षणासाठी अटी दोन. एक, डिझाइन नवे असले पाहिजे, म्हणजे हुबेहूब तसे आधी जाहीर झालेले नसले पाहिजे. दुसरी, त्याचा एकूण ठसा आधीच्या डिझाइनांपेक्षा वेगळा उमटला पाहिजे. कोणावर? कायद्यातल्या ‘जाणकार वापरकर्त्या’वर. हा माणूस त्या धंद्यातला तज्ज्ञ नव्हे आणि अगदीच बेसावध गिऱ्हाईकही नव्हे; चार दुकाने हिंडून, माल उलटसुलट करून बघणारा, अशी कल्पना करा.

पारंपरिक घाट इथेच अडकतो. कोल्हापुरी चपलेचे चालत आलेले रूप कोणीही, कोल्हापुरातल्या कारागिरानेसुद्धा, डिझाइन म्हणून नोंदवले तर ती नोंदणी टिकणार नाही, कारण ते नवे नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे बराच गदारोळ झाला. ‘आपल्या कारागिरांनी वेळेवर डिझाइन का नोंदवले नाही?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर हेच. अशा वस्तूंसाठी भौगोलिक मानांकनाचा (जीआय), म्हणजे वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशासाठी राखण्याचा रस्ता आहे. कोल्हापुरीला भारतात ते २०१९ मध्ये मिळाले, पण भारतातले मानांकन आपोआप युरोपात लागू होत नाही. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनासाठी युरोपियन युनियनचा स्वतंत्र कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आहे, आणि त्याखाली बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही अर्ज करता येतो. तो मात्र सहसा एकट्या कारखानदाराने नव्हे, उत्पादकांच्या समूहाने करायचा असतो. परंपरेतून निघून तुम्ही पट्ट्यांची मांडणी, टाच, तळव्याची कड असे काही खरोखर वेगळे घडवले असेल, तर त्या वेगळ्या रूपासाठी डिझाइन नोंदवा.

तारीख

सगळ्यात जास्त नोंदण्या इथे बुडतात.

प्यूमाची गोष्ट घ्या. कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये एका जाड तळव्याच्या बुटाचे डिझाइन युरोपात नोंदवायला दिले. पुढे एका डच कंपनीने ती नोंदणी रद्द करायला अर्ज केला आणि पुरावा म्हणून फोटो आणले ते गायिका रिहानाचे. डिसेंबर २०१४ मध्ये प्यूमाची क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून करार करताना तिने तसेच पांढरे, काळ्या जाड तळव्याचे बूट घातले होते आणि ते फोटो इन्स्टाग्रामवर गेले होते. प्यूमाचे म्हणणे, २०१४ मध्ये कोण रिहानाच्या बुटांकडे बघतो? मार्च २०२४ मध्ये युरोपियन जनरल कोर्टाने ते मानले नाही. नोंदणी गेली. क्रॉक्सचीही तीच गत. त्यांच्या चपला नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोटींच्या प्रदर्शनात मांडल्या होत्या, विकल्याही गेल्या होत्या. युरोपातली नोंदणी त्याच एका गोष्टीपायी २०१८ साली रद्द ठरली.

दोन्हीकडे नियम एकच. जाहीर झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला, तर युरोपियन युनियन तुमचे स्वतःचेच जाहीर करणे तुमच्या विरोधात धरत नाही. तेरावा महिना लागला की धरते. जाहीर होणे म्हणजे युरोपातल्या त्या धंद्यातल्या लोकांना नेहमीच्या व्यवहारात कळू शकेल असे काहीही: प्रदर्शन, कॅटलॉग, वेबसाइट, इन्स्टाग्राम. घटना जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातली असली तरी चालते. गोपनीयतेच्या कराराखाली खरेदीदाराला नमुना दाखवला तर ते जाहीर धरत नाहीत. म्हणून नमुना पाठवण्याआधी दोन पानी करार करून घ्या. खरेदीदार कुरकुर करेल, करू द्या.

हे १२ महिने आहेत म्हणून निवांत राहू नका. भारताच्या डिझाइन कायद्यात, म्हणजे २००० सालच्या कायद्यात, अशी सर्वसाधारण सवलत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेले डिझाइन भारतात बाद ठरते. म्हणून क्रम असा ठेवा: वस्तू कोणाला दाखवण्याआधी, फोटो टाकण्याआधी भारतात अर्ज. मग त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत युरोपात अर्ज, आणि त्यात भारतीय अर्जाच्या तारखेचा अग्रहक्क मागायचा. १० जानेवारीला भारतात अर्ज केला असेल, तर १० जुलैपर्यंत केलेला युरोपातला अर्ज १० जानेवारीलाच केल्यासारखा मोजला जातो. मधल्या काळात तुम्ही प्रदर्शन केले, कोणी नक्कल केली, तरी बाधा नाही. अग्रहक्काचा उल्लेख अर्ज भरतानाच करा, आणि भारतीय अर्जाची प्रमाणित प्रत कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे आधीच मागून ठेवा.

ज्यांनी आधी आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज केला आहे त्यांची एक हमखास चूक: पेटंटला बारा महिने मिळतात, म्हणून त्याच अर्जावरून डिझाइनलाही बारा मिळतील असे ते समजतात. ‘कायकाय’ नावाच्या कंपनीच्या प्रकरणातल्या, २७ फेब्रुवारी २०२४ च्या युरोपियन न्यायालयाच्या निकालाने हा मार्ग बंद झाला. डिझाइनसाठी अवधी सहाच महिन्यांचा, आणि निव्वळ पेटंटच्या अर्जावरून तर डिझाइनला अग्रहक्क मिळतच नाही.

नोंदणी न करता मिळणारा एक हक्कही युरोपियन युनियनमध्ये आहे. तो फक्त तीन वर्षांचा, आणि समोरच्याने नक्कल केली हे सिद्ध झाले तरच उपयोगाचा. शिवाय डिझाइन पहिल्यांदा कुठे जाहीर झाले, हा प्रश्न येतो. मुंबईत उद्घाटन करून मग फ्रँकफर्टला गेलात, तर या हक्काबद्दल वाद उभा राहतो. दर हंगामाला पन्नास नवे कपडे काढणाऱ्या फॅशनवाल्यांना हा हक्क सोयीचा. साच्यात पैसे घातलेल्या माणसाने त्यावर भिस्त ठेवू नये.

डिझाइन कोणाच्या नावावर

हा मुद्दा छोटा, पण भारतीय मालकाला चकवणारा. आपल्या कायद्यात मोबदला देऊन बाहेरच्याकडून डिझाइन करून घेतले, तर मालकी साधारणपणे करून घेणाऱ्याची. युरोपात तसे नाही. नोकराने केलेले डिझाइन मालकाचे, पण बाहेरच्या फ्रीलान्स डिझायनरने केलेले त्याचेच, करारात वेगळे लिहिले नसेल तर. स्पेनमधल्या कुकू घड्याळांच्या एका प्रकरणात, २ जुलै २००९ रोजी, युरोपियन न्यायालयाने हे स्पष्ट केले. तेव्हा पुण्यातल्या डिझाइन स्टुडिओकडून किंवा इंटर्नकडून काम घेतले असेल, तर जगभरचे सगळे हक्क तुमच्या कंपनीकडे येतात असा लेखी हस्तांतरणाचा कागद, अर्ज करण्याच्या आधीच्या तारखेचा, सहीनिशी घ्या. नंतर डिझायनर परदेशी गेला, बोलणे बंद झाले, की तीच सही लाखाला पडते.

अर्ज कुठे

‘युरोप’ हा एक अर्ज नाही. युरोपियन युनियनचे २७ देश एका नोंदणीत येतात. ही नोंदणी स्पेनमधल्या अलिकान्ते इथल्या युरोपियन युनियनच्या बौद्धिक संपदा कार्यालयात होते. ब्रिटन त्यात नाही. १ जानेवारी २०२१ पासून तिथे स्वतंत्र अर्ज लागतो. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि तुर्कस्तानही वेगळे.

अनेक देशांत एकाच अर्जाने जाण्यासाठी जिनिव्हाहून चालणारी हेग पद्धत आहे, आणि युनियन, ब्रिटन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, तुर्कस्तान सगळे तिच्यात आहेत. भारत नाही. भारतात नोंदलेल्या कंपनीला हा दरवाजा बंद आहे. मात्र जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये तुमची खरीखुरी चालती शाखा कंपनी असेल, तर तिच्या नावाने तो वापरता येतो. नुसत्या टपालाच्या पत्त्यावर हे भागत नाही.

सगळा माल एकाच देशात जात असेल तर राष्ट्रीय नोंदणीचा विचार करा. जर्मनीच्या म्युनिकमधल्या कार्यालयात ऑनलाइन एकाच अर्जात दहा डिझाइनांपर्यंत ६० युरोत जातात. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचे मिळून एकच कार्यालय आहे, हेग शहरात. माझा कल असा: नक्कल झालेला माल रॉटरडॅम, हॅम्बर्ग, अँटवर्प कुठूनही आत येऊ शकतो आणि एकदा आत आला की सीमा नाहीत. त्यामुळे मुख्य दोन-तीन वस्तूंना युनियनची नोंदणी, आणि बाकी बदलत्या मालाला, खप जर्मनीत असेल तर, म्युनिकची स्वस्त नोंदणी. ब्रिटनचा खरेदीदार ठरलेला असेल तरच ब्रिटन.

चित्रे

तुमची मालमत्ता चित्रात जे दिसते तेवढीच. वस्तू तुमच्या शोरूममध्ये कशी दिसते याला महत्त्व नाही.

ट्रंकी ही लहान मुलांची, वर बसून ओढायची सुटकेस. ब्रिटिश कंपनीने २००३ साली संगणकावर केलेली, करड्या छटांची सहा त्रिमित चित्रे देऊन युरोपात नोंदणी घेतली. नंतर दुसऱ्या कंपनीने तशीच, पण वाघाच्या आणि भुंग्याच्या रंगरूपातली सुटकेस बाजारात आणली. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१६ मध्ये ट्रंकी हरली. कारणे चित्रातच होती. चित्रात अंग एका छटेचे आणि चाके, पट्टा, कड गडद होते. न्यायालय म्हणाले, म्हणजे हा रंगभेदही तुमच्या दाव्याचा भाग. चित्रात शिंगांच्या प्राण्याचा भास होता आणि अंगावर नक्षी नव्हती. समोरच्याच्या मालाचा एकूण ठसा वेगळा पडला. कल्पना कल्पक आहे हे न्यायाधीशांनी मान्य केले, पण डिझाइनचा हक्क कल्पनेला मिळत नाही, दाखवलेल्या रूपाला मिळतो. तिथे साध्या रेषांची चित्रे दिली असती तर दावा बराच रुंद झाला असता.

तेव्हा आधी ठरवा, तुमच्या वस्तूत कशाची नक्कल होण्याची भीती आहे. घाटाची असेल तर रंग, छटा, सावल्या काढून स्वच्छ रेषाचित्रे द्या. नक्षी आणि रंगाची असेल तर रंगीतच द्या. दोन्हींची असेल तर दोन वेगळी डिझाइने करून एकाच अर्जात घाला. पितळी समईचे उदाहरण घ्या. नवा आहे तो फक्त तिचा दांडा, आणि वरचा दिव्याचा भाग पिढ्यान्‌पिढ्या तोच. दांडा अखंड रेषांनी काढा आणि वरचा भाग तुटक रेषांनी. तुटक रेषा म्हणजे ‘हा भाग संदर्भासाठी, आमचा दावा यावर नाही’. नक्कल करणारा वरचा भाग बदलून दांडा उचलेल, तेव्हा हीच तुटक रेषा कामी येते.

बाकी नियम सोपे. पार्श्वभूमी कोरी आणि एकसारखी, हात किंवा फुलदाणी फोटोत नको. मापे, बाण, मजकूर, कंपनीचे नाव चित्रात नको. सगळी दृश्ये एकाच वस्तूची: समोरून, मागून, दोन्ही बाजू, वरून, खालून आणि एक तिरके. एका दृश्यात चार पाय गोल आणि दुसऱ्यात किंचित चौकोनी असले, किंवा अर्धी दृश्ये फोटो आणि अर्धी रेषाचित्रे असली, तर कार्यालय अडवते. अडवले नाही तर पुढे विरोधक अडवतो. भारतातल्या अर्जातली चित्रे आणि युरोपातली चित्रेही जुळली पाहिजेत, नाहीतर अग्रहक्क वादात सापडतो. भारतात फोटो दिले आणि युरोपात अचानक रेषाचित्रे काढली, असे करू नका. कुठली चित्रे द्यायची हा निर्णय भारतातल्या अर्जाच्या आधीच घ्या.

अर्ज आणि फी

युनियनच्या डिझाइन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पहिला टप्पा १ मे २०२५ पासून लागू झाला, दुसऱ्या टप्प्याची तारीख १ जुलै २०२६. जुन्या लेखांत ‘कम्युनिटी डिझाइन’ असा शब्द दिसेल. आता ‘ईयू डिझाइन’. जुने लेख वाचून फीचा हिशेब करू नका.

पहिल्या डिझाइनला ३५० युरो, त्याच अर्जातल्या पुढच्या प्रत्येकाला १२५, आणि एका अर्जात ५० पर्यंत. पूर्वी एका अर्जातली डिझाइने एकाच वर्गातली असावी लागत, आता ती अट गेली; खुर्ची आणि दिवा एकत्र चालतात. अर्ज युनियनच्या कोणत्याही अधिकृत भाषेत करता येतो, पण दुसरी भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश यांपैकी द्यावी लागते. वस्तूचे नाव लोकार्नो वर्गीकरणातले, म्हणजे डिझाइनसाठीच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीतले, निवडा. नावामुळे संरक्षणाची व्याप्ती ठरत नाही, म्हणून त्यावर रात्र जागवू नका. वर्णन लिहायची सोय आहे, पण तेही दावा वाढवत नाही.

भारतीय कंपनीला अर्ज स्वतः दाखल करता येतो. मात्र त्यापुढच्या प्रत्येक पायरीला, कार्यालयाने एक बारीक शंका काढली तरी, युरोपियन आर्थिक क्षेत्रातला (युनियन आणि नॉर्वेसारखे तिला जोडलेले देश) मान्यताप्राप्त प्रतिनिधी लागतो. दोन-तीन प्रतिनिधींकडून आधी कोटेशन घ्या आणि ‘फक्त दाखल करणे’ व ‘शंका आल्यास उत्तर’ यांचे दर वेगळे विचारा.

वस्तू अजून बाजारात यायची असेल तर प्रसिद्धी ३० महिन्यांपर्यंत लांबवता येते. तारीख आज मिळते, चित्रे नंतर उघड होतात. पुढच्या हंगामाचा माल आताच नोंदवणाऱ्याला ही सोय फार कामाची.

नोंदणी हातात आल्यावर

पहिले पत्र बहुधा कार्यालयाचे नसेल. नोंदणी प्रसिद्ध होताच अधिकृत वाटणाऱ्या नावाची, शिक्क्याची बिले येऊ लागतात: ‘नोंदवहीत समावेशासाठी शुल्क भरा.’ ही फसवणूक आहे, युरोपियन कार्यालय स्वतः तसे इशारे देते. अकाउंट्स विभागाला सांगून ठेवा की डिझाइनचे कोणतेही बिल प्रतिनिधीला दाखवल्याशिवाय भरायचे नाही.

वस्तूवर वर्तुळात डी हे चिन्ह लावायची मुभा नव्या कायद्याने दिली आहे. सक्ती नाही, पण कॅटलॉगमध्ये नोंदणी क्रमांकासह लावलेले बरे.

नक्कल थांबवायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे सीमाशुल्क. युनियनच्या सीमाशुल्क खात्याकडे तुमचा हक्क नोंदवून संशयित माल अडवायला सांगता येते. अर्जाला फी नाही, तो एक वर्ष चालतो, पुन्हा वाढवता येतो. अडवलेला माल ठेवण्याचा आणि नष्ट करण्याचा खर्च मात्र तुमच्या गळ्यात पडू शकतो. अर्जासोबत खऱ्या मालाचे जवळून काढलेले फोटो, पॅकिंग कसे असते, माल नेहमी कोणत्या बंदरातून येतो, ही माहिती जोडा. बंदरावरच्या अधिकाऱ्याला डिझाइनचा कायदा नको असतो, खरा आणि खोटा माल ओळखायची खूण हवी असते.

जर्मनीतल्या व्यापारी प्रदर्शनांत हक्कदार न्यायालयाकडून तातडीचा मनाईहुकूम घेऊन थेट स्टॉलवर येऊ शकतो. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. तुम्ही स्वतः स्टॉल लावणार असाल तर निघण्याआधी युरोपियन कार्यालयाच्या मोफत ‘डिझाइनव्ह्यू’ शोधयंत्रात आपल्या वस्तूसारख्या नोंदण्या बघून घ्या. आणि स्वतःच्या नोंदणीचे, भारतीय अर्जाचे, हस्तांतरणाच्या करारांचे कागद फाइलमध्ये सोबत ठेवा. स्टॉलवरचा पोरगा आणि हुकूम बजावायला आलेला अधिकारी यांच्यात भाषेची अडचण असते, कागदाची नसावी.

नोंदणी पाच वर्षांची, दर पाच वर्षांनी वाढवून जास्तीत जास्त २५ वर्षे. नूतनीकरणाची फी चढती आहे: पहिल्या खेपेला १५० युरो, मग २५०, मग ४००, शेवटी ७००. भारतातली नोंदणी मात्र दहा वर्षांची, आणखी पाच वाढवून पंधराला संपते, त्यामुळे दोन्हींच्या तारखा एकाच वहीत पण वेगळ्या रकान्यांत लिहा. पाचव्या वर्षी वस्तू अजून विकली जाते का, एवढे पाहून ठरवा. खप थांबलेल्या डिझाइनचे नूतनीकरण करायचे काही कारण नाही.